कामठ्याच्या मैदानावरचा बंट

गोंदियाला निघाले असं सांगितलं की पुण्यातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. वाघ की सारस? ‘सॉफ्टबॉल’ असं उत्तर दिलं की समोरचा माणूस माझ्या तब्येतीची चौकशी करतो.

खरं सांगायचं तर हा प्रवास ठरला एका फोनमुळे. फोन होता काकूंचा, म्हणजे पटले सरांच्या बायकोचा. सर आमचे शाळेतले खेळाचे शिक्षक. माझे बाबा रेल्वेत होते आणि त्यांची बदली गोंदियाला झाली, तेव्हा आठवी ते दहावी मी तिथे काढली. सरांनी उभ्या केलेल्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघात मी राखीव खेळाडू होते. राखीव म्हणजे किती राखीव, तर तीन वर्षांत मैदानापेक्षा बाकाशीच माझी जास्त ओळख झाली. काकू म्हणाल्या, “घर विकलं आम्ही. पोरगा हैदराबादला घेऊन चालला. सरांचे गुडघे गेले आता. एकदा येऊन जा. आन दुर्गाले आणता आलं तर पाहजो.”

दुर्गा म्हणजे आमच्या संघाची सगळ्यात मोठी फलंदाज, आता देवरीला असते. मी लगेच तिला फोन लावला. ती म्हणाली, “तू ये माझ्या घरी, पाहिजे तेवढे दिवस राह्य. सरांकडे मी नाही येत.” आणि मग धानाचा भाव, पोरीची परीक्षा वगैरे बोलत राहिली.

दुर्गा सरांकडे का जात नाही हे मला माहीत होतं. निदान तसं मला वाटत होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पुण्याहून गोंदियाला थेट गाडी आहे, जवळपास पूर्ण एक दिवस खाते. नागपूरपर्यंत डब्यात मराठी ऐकू येतं, भंडारा मागे पडलं की हिंदी वाढत जातं आणि गोंदियाच्या फलाटावर उतरेपर्यंत चहावाला तुमच्याशी हिंदीत, शेजारच्याशी पवारीत आणि स्वतःशी कशात तरी तिसऱ्याच भाषेत बोलत असतो. डिसेंबर उत्तम. थंडी खरी असते, स्वेटर न्या. मुक्काम स्टेशनजवळच्या कुठल्याही लॉजवर होतो, गरम पाणी मिळेल का हे आधी विचारा आणि उत्तर ‘हो’ आलं तरी नळ उघडून बघा.

सकाळी स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. पुण्याच्या पोह्यांबद्दल मला आदर आहे, पण हे पोहे खाल्ल्यावर तो थोडा कमी होतो. मग आमगावमार्गे देवरीची एसटी. बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे गाडीत आम्हीच जास्त. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून झालेली धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, त्यांत हिरवीगार उगवलेली लाखोळीची डाळ, मधूनच एखादा मोठा तलाव, त्यात बगळे. देवरी जवळ आली तसं जंगल रस्त्याला येऊन भिडलं. शेजारी बसलेल्या आजींनी माझी सगळी चौकशी केली. कोणाकडे, कायले, नवरा काय करते, तो काऊन नाही आला. मी म्हटलं, मैत्रिणीला भेटायला एकटीच आलेय. “एवढ्या दुरून? फोन नाही का तिच्याकडे?” आजींनी विचारलं. मी खिडकीबाहेरची झाडं मोजायला लागले.

दुर्गा स्टँडवर स्कूटी घेऊन उभी होती. केस पांढरे झालेत, खांदे तसेच आहेत. तिच्याकडे चार एकर धान आणि नवऱ्याचं मोह-हिरड्याच्या खरेदीविक्रीचं दुकान. जेवायला तिनं तांदळाच्या पिठाचे आयते केले होते, जाळीदार, पातळ, आणि सोबत कोचईच्या पानांच्या वड्यांचा रस्सा. कोचई म्हणजे आपलं अळू. मी सहा आयते खाल्ले. मोजत तिचा नवरा होता, मी नाही.

दुपारी ती लाखोळीची भाजी खुडायला बांधीत निघाली, मी मागोमाग. तिथे मी विषय काढला.

आता थोडं थांबून वाचकांना खेळ समजावते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. फलंदाजानं चेंडू मारून सुखरूप पहिला बेस, म्हणजे धावण्याच्या वाटेवरचा पहिला टप्पा, गाठला की ती ‘हिट’. एखाद्यानं सलग किती सामन्यांत किमान एक तरी हिट मारली, याची मोजणी हा बेसबॉलवाल्यांचा सगळ्यात लाडका नाद. एका सामन्यात चार मारल्या तरी शिल्लक टाकता येत नाही, उद्या परत शून्यापासून. अमेरिकेत १९४१ साली एका खेळाडूनं सलग छप्पन्न सामन्यांत हे केलं. मधे त्याची आवडती बॅटसुद्धा चोरीला गेली होती. त्याच्याआधी आणि नंतर मोठमोठे खेळाडू आले, कोणी चव्वेचाळीसपर्यंत गेला, कोणी चाळीसपर्यंत, पण छप्पन्नच्या जवळ कोणी फिरकलं नाही. मी नोकरी करते विम्याच्या हिशोबांची आणि फावल्या वेळात असली माहिती गोळा करते. घरचे त्याला आजार म्हणतात.

दुर्गाची मालिका सव्वीस सामन्यांची होती. तीन वर्षं, तालुका, जिल्हा, विभाग, सगळं धरून. सर त्याला मालिका वगैरे म्हणत नसत. दूधवाला रोज येतो, कामाची बाई रोज येते, तसं सर म्हणायचे, “दुर्गाचा खाडा नाही.” आम्ही पोरी सामना संपला की आधी हेच बघायचो. जिंकलो-हरलो नंतर.

आणि मग गोंदियाजवळच्या कामठ्याला झालेली ती फायनल. समोरच्या संघाला दुर्गाची धास्तीच होती. त्यांनी तिला दोनदा मुद्दाम चार वाईट चेंडू टाकून फुकट बेस दिला. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा शेवटचा डाव, बरोबरी, आमची एक धावपटू तिसऱ्या बेसवर. दुर्गानं सरांकडे पाहिलं. सरांनी बंटचा इशारा दिला. बंट म्हणजे बॅट फिरवायचीच नाही, नुसती आडवी धरून चेंडू पायाशी पाडायचा. मारणारी बाद होते, पण तोवर पुढची धावपटू घरी पोचते आणि धाव मिळते. दुर्गानं बंट केला, ती बाद झाली, आम्ही जिंकलो. ढोल वाजले. आणि तिचा खाडा पडला.

“सरांचा इशारा काय होता आठवते?” दुर्गा भाजी खुडता खुडता म्हणाली. “आधी बुटाले हात, मंग कपाळाले. मी डोळे चोळले, का आपल्याले भास तर नाही झाला म्हणून. सव्वीस मॅच मी मारली, आन सत्ताविसाव्या वेळी त्यांना वाटलं, हिच्यानं नाही होत.”

“अगं, जिंकायचं होतं ना.”

“मारलं असतं तरी जिंकलोच असतो. मी मारणारच होतो. मले मालूम होतं.” त्या भागात बायकाही कधी कधी ‘होतो’ म्हणतात. “हरायचं दुःख वेगळं असते मेधा. ज्याच्या भरवशावर आपण उभे आहोत त्याचाच आपल्यावर भरवसा नाही, थे वेगळं असते.”

मी माझ्या सवयीप्रमाणे माहिती पुरवली. म्हटलं, त्या छप्पन्नवाल्याची मालिका तुटली तेव्हा दुसऱ्याच सामन्यापासून त्यानं नवीन सुरू केली, पुन्हा सोळा सामने.

“त्याले दुसरा दिवस भेटला,” दुर्गा म्हणाली. “माही थे शेवटची मॅच होती. दहावीनंतर खेळ सुटला, बारावीनंतर लग्न. लग्नाले सरांना बलावलं नाही मी. बाबा म्हणाले, बलाव, मी म्हटलं, पत्ता हरवला.”

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झालीत. दुर्गाचे डोळे भरले नाहीत, आवाजही चढला नाही. ती भाजी खुडत राहिली आणि मला फार वाईट वाटलं. इतका जुना राग इतक्या नीट घडी घालून ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता. मी एवढंच म्हटलं, सर परवा जाताहेत, भांडायचं असेल तरी उद्याच भांडावं लागेल. ती खुडलेली भाजी ओच्यात भरून घराकडे निघाली. सकाळी मी उठले तर ती साडी बदलून, सरांसाठी नव्या तांदळाची पिशवी भरून बसली होती.

गोंदियाच्या स्टँडवरून, सर राहतात त्या फुलचूरला ऑटो सहज मिळतात. आमचा ऑटोवाला बोलका. “फुलचूर में किधर? पटले सर? अरे, मेरी बहन को उन्होंने ही सिखाया, दीदी.” आणि त्यानं आमच्याकडून पैसे घ्यायला नकार दिला, मग घेतले, मग पाच रुपये परत दिले.

सरांच्या घरात सगळीकडे खोकी. भिंतींवर तसबिरींचे नुसते चौकोन उरलेले. सर खुर्चीत होते, अंगानं निम्मे झालेले. दुर्गाला बघून ते काठी शोधू लागले, उभं राहायला. दुर्गा घाईनं पुढे झाली आणि पाया पडली, पण लगेच मागे सरकून दारापाशी जाऊन बसली.

“कशी आहेस, पोरी?”

“बरी हाय, सर.”

काकूंनी सिंगाडे उकडून आणले. मी हवापाण्यावर बोलले, रेल्वेवर बोलले, शेवटी सिंगाड्यांवरही बोलले. सरांनीच सुटका केली. त्यांच्याकडे जुन्या बॅटी आणि हातमोज्यांची एक पोतडी होती. कामठ्याला आता मुली खेळतात, त्यांना ती द्यायची होती. “चला तिघं मिळून. मले मैदानही पाहायचं हाय. मंग कोठं येणं होते.”

ऑटोवाला बाहेरच थांबलेला. कामठ्याच्या वाटेवर सर माझ्याशी बोलत होते, पण ऐकवत दुर्गाला होते. “मेधा, मी दरवर्षी नव्या पोरींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. म्हणतो, माझ्याकडे एक दुर्गा होती. सव्वीस मॅच खाडा नाही. फायनलले त्या गोंगाटात मी म्हटलं मार, तर तिनं स्वतःच्या मनानं बंट केला. स्वतःचा विक्रम सोडला, टीमले जिंकवलं. कोणी सांगितलं नव्हतं तिले.”

मी दुर्गाकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत पोतडीची गाठ आवळत होती. सर खोटं बोलताहेत असंच तिला वाटलं असणार. मलाही, खोटं कशाला बोलू, थोडं तसंच वाटलं. म्हातारपणी माणूस आपल्या सोयीनं आठवतो.

मैदान आहे तिथेच आहे. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला धानाची बांधी, मधे कुंपण नाही. दुपारची वेळ, मुली अजून यायच्या होत्या. सरांनी पोतडी मोकळी केली, बॅटी जमिनीवर मांडल्या आणि एक उचलून दुर्गासमोर धरली. “मार एक. जाता जाता पाहून घेतो.”

“नाही जमणार आता, सर.”

“मार वं. मेधा टाकते चेंडू. तशीही तिले बाकावर बसून बसून आराम झाला.”

दुर्गानं पदर खोचला. नाइलाजानं उभी राहिली, पण बॅट हातात आल्यावर तिचे पाय आपोआप जागेवर गेले. मी चेंडू घेऊन पुढे गेले. जुनी सवय अशी की टाकायच्या आधी तिनं मान वळवून सरांकडे पाहिलं. तेवढ्यात सर नीट दिसावं म्हणून एक पाऊल बाजूला सरकले आणि खाली पडलेल्या एका बॅटीला त्यांचा पाय लागला. ते काठीवर भार देऊन वाकले, पायाशी बॅटीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. पुस्तकाला पाय लागला तर आपण करतो तसं. आपल्याकडे कोण नाही करत?

मी चेंडू टाकला. दुर्गाची बॅट वर गेलीच नाही. ती आडवी झाली, चेंडू तिच्या पायाशी टपकला आणि तिथेच मेला.

“अवं, मार म्हटलं ना,” सर म्हणाले. “बंट कायले केला?”

“तुमीच तर इशारा देल्ला, सर.”

“म्या? म्या कवा देल्ला?”

“आता. बुटाले हात, कपाळाले हात.”

“थे तर बॅटीले पाय लागला म्हणून…”

सरांचं वाक्य तिथेच राहिलं. दुर्गाच्या हातातून बॅट खाली आली. मी दोघांच्या मधे उभी होते. कोणी काही समजावून सांगायची गरजच नव्हती. त्या दिवशीही बाकासमोर बॅटी पडलेल्या असत. त्या दिवशीही सर बघायला पुढे सरकले असणार.

सर हळूच त्या धुळीतच बसले. मी धरायला गेले तर हात झटकला. “दुर्गे, म्हणजे तवाही…”

“हो, सर.”

“आन तुले वाटलं, का माझा तुझ्यावर भरवसा नाही.”

दुर्गानं हो म्हणून मान हलवली. मग ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि रडली. अगदी पोरीसारखी, तोंड उघडं टाकून. “मी तुमाले लग्नाले बलावलं नाही, सर. मुद्दाम नाही बलावलं.”

“मी समजलो होतो, का पोट्टी संसारात रमली. मी म्हटलं मोठ्या मनाची हाय, खेळाचं मागंच सोडलं तिनं.” सरांनी चष्मा काढला आणि पुसायला रुमाल सापडेना, म्हणून दुर्गानं पदर दिला. “निरा बह्याड, येडे आहोत दोघंही. मी पोरींना गोष्ट सांगत राह्यलो आन तुले एक शब्द नाही विचारला, का तू बंट काऊन केला.”

“मीही कोठं विचारलं, का इशारा काऊन देल्ला.”

मला राहवेना. प्रसंग काय, मी काय बोलते, याचं मला कधीच भान नसतं हे माझा नवरा लिहून देईल. मी म्हटलं, सर, बेसबॉलच्या नियमाप्रमाणे एखाद्या सामन्यात सगळ्या वेळा फुकट बेस मिळाला किंवा फलंदाज संघासाठी बंट करून बाद झाली, तर हिटची मालिका तुटत नाही. तो सामना मोजायचाच नाही. दुर्गाला त्या दिवशी दोनदा फुकट बेस आणि एक बंट. म्हणजे तिचा खाडा पडलाच नाही.

“थो नियम सॉफ्टबॉलले लागू हाय का?” दुर्गानं नाक पुसत विचारलं.

“लावणारे आपणच ना,” सर म्हणाले. “आन हे तुले पंचवीस वर्षांपासून मालूम होतं का, मेधा?”

“नाही सर, गेल्या पाचेक वर्षांत वाचलं.”

“मंग पाच वर्षं कोठं होतीस?”

यावर दुर्गा हसली. मग ती उठली, बॅट उचलली आणि सरांना म्हणाली, “आता तोंडानं सांगा.” सरांनी धुळीत बसल्या बसल्या, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं, “मार.” पहिले दोन चेंडू तिनं सपशेल हुकवले. तिसरा बॅटीच्या कोपऱ्याला लागून मागे गेला. चौथा माझ्या डोक्यावरून लाखोळीत गेला आणि आम्हाला तो शेवटपर्यंत सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सर आणि काकू गेले. आम्ही दोघी स्टेशनवर होतो. दुर्गा खिडकीशी उभी राहून बोलत होती ते सगळं तांदळाबद्दल होतं, किती पाणी टाकायचं, नवा तांदूळ चिकटतो म्हणून. सरांनी एवढंच म्हटलं, “आता गोष्ट बदलावी लागते. पण पोरी कोठं भेटतीन तिकडे सांगायले?” गाडी हलल्यावर दुर्गा फलाटाच्या टोकापर्यंत तिच्यासोबत चालत गेली.

पुण्यात परत येऊन आता तीन आठवडे होतील. तुम्ही जाणार असाल तर आयते खा, पोहे खा, तलावाकाठी एक सकाळ रिकामी ठेवा. वाघ आणि सारस दोन्ही आहेत म्हणतात. मला दिसले नाहीत आणि मी शोधलेही नाहीत.

काल दुर्गाचा फोन आला. मी विचारलं, आता बरं वाटतं ना? मला वाटलं ती हो म्हणेल, सुटले म्हणेल.

“बरं वाटते,” ती म्हणाली. “पण एक सांगू? इतके दिवस राग होता तर त्याले ठेवाले जागा होती, सर होते. आता राग तर हाय, पण कोणावर करू, थेच समजत नाही. मी तवा त्याच मैदानावर जाऊन विचारलं असतं, सर, काऊन? तर ते म्हणाले असते, अवं, मी तर मार म्हणत होतो.” तिनं मागे कुकर बंद केला. “तेवढ्या एका शब्दावर मी हे पंचवीस वर्षं हसत काढले असते, मेधा.”

माझ्याकडे जगभरच्या मालिकांची माहिती आहे. यावर सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, चल, सरांना फोन लावतो, त्यांच्या जेवणाची वेळ झाली.